दशमांश कशावर काढायचा? हातात येणाऱ्या पगारावर की कागदावरच्या? आणि आईची औषधे त्यात धरायची का?

विश्वामित्रीकाठ

सलाम मंडळी.

मी बडोद्याचा. वडील १९७९ मध्ये नगरहून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले, मी इथेच वाढलो. घरात मराठी आणि उपासना गुजरातीत, असे आमच्यासारख्या बऱ्याच घरांचे आहे. गेले तीन रविवार आमच्याकडे अर्पणावर उपदेश चालू आहेत. बायबलातल्या मलाखीचा तिसरा अध्याय, "सर्व दशमांश भांडारात आणा", म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला द्या. गुजरातीत त्याला दशांश म्हणतात. माझी मुलगी गुजराती माध्यमात पाचवीत आहे, गणितात सध्या दशांश अपूर्णांक चालू आहेत. भर उपासनेत तिने माझ्या कानाशी येऊन विचारले, "पप्पा, पॉइंट कुठे द्यायचा?" तेव्हा तिला गप्प केले, पण तेव्हापासून मीही तेच विचारतो आहे. पॉइंट कुठे द्यायचा?

गेल्या रविवारी प्रत्येक कुटुंबाला बारा पाकिटे आणि एक चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीवर दोन ओळी आहेत. पहिलीत मासिक उत्पन्न लिहायचे, दुसरीत त्याचा दहावा भाग. खाली सही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी परत द्यायची आहे.

आकडे उघडच लिहितो, त्याशिवाय तुम्ही तरी काय सांगणार? मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. पगार कागदावर ४६,०००, पीएफ वगैरे जाऊन हातात ४०,८००. घराचा हप्ता १४,२००. बायको शिवणकाम करते, त्याचा नेम नाही. आई नगरला घरीच राहते, तिला औषधपाणी आणि खर्चासाठी दर महिन्याला ६,००० पाठवतो. आतापर्यंत मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, महिन्याला ५०० देत होतो, शिवाय रविवारी उपासनेत फिरणारी अर्पणाची थैली आणि वाढदिवसांची उपकारस्तुती (आभाराचे अर्पण). दहावा भाग म्हणजे ४,०८० किंवा ४,६००. त्यात आईचे ६,००० धरले तर मी दहाव्या भागाच्या वर देतोच आहे. न धरले तर माझ्याकडून होणार नाही, निदान हप्ता फिटेपर्यंत तरी.

अजून एक गोष्ट मनात आहे ती सांगतो. मी नववीत असताना आम्ही ज्या मंडळीत जात होतो (कोणती ते लिहीत नाही), तिथे वर्षअखेरीस दाराजवळच्या फळ्यावर सर्वांच्या देणग्यांची यादी लागायची. हिरव्या शाईत, जास्त देणारे वर आणि कमी देणारे खाली. त्या वर्षी वडील आजारपणामुळे बिनपगारी रजेवर होते. सगळ्यात शेवटच्या ओळीत आईचे नाव होते, २४० रुपये. आईने यादी वाचली, पदर नीट केला आणि आत जाऊन नेहमीच्या बाकावर बसली. वडील मात्र नंतर कित्येक महिने उपासनेला आले नाहीत. चिठ्ठी हातात आल्यावर मला तोच फळा आठवला.

मला द्यायचे आहे. किती, ते कळत नाही.

---

मोहरीचा_दाणा

दादा, सलाम. मी सरळ सांगते, दहावा भाग आणि तोही कागदावरच्या पगारावर. पीएफ तुमचाच पैसा आहे, पुढे तुम्हालाच मिळणार. आधी त्याचे, मग आपले.

हे मी भरल्या घरात बसून बोलत नाही. २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये ह्यांचे दुकान बंद पडले. मी डबे करून देत होते, महिन्याला जेमतेम ७,००० सुटायचे. त्यातले ७०० मी पहिल्याच दिवशी पोळ्यांच्या डब्याखाली ठेवून द्यायचे. त्यामुळे आकाशकपाटे उघडून आमच्यावर पैशांचा वर्षाव झाला असे मी म्हणणार नाही. तसे झाले नाही. पण सात महिने आम्ही कुणाकडे हात पसरला नाही, आणि घरात पैशावरून एकही भांडण झाले नाही. माझ्यासाठी ती साक्ष पुरेशी आहे.

आईचे पैसे आईचे. ते देवाच्या खात्यात टाकू नका.

---

शाईपेन

मोहरीताईंच्या साक्षीपुढे मी काही बोलणार नाही. पण "कागदावरच्या पगाराचा दहावा भाग" हा नियम शास्त्रात कुठे आहे ते बघायला हवे, कारण धागाकर्त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर सही मागितली आहे.

अब्रामाने मलकीसदेकाला दहावा भाग दिला (उत्पत्ती १४) तो लढाईत परत मिळवलेल्या मालमत्तेतून. तो दरमहा देत होता असे तिथे काही नाही. याकोबाने (उत्पत्ती २८) स्वतःहून नवस केला. नियम येतो तो मोशेच्या शास्त्रात, आणि तिथे धान्य, फळे, गुरे यांचा दहावा भाग आहे (लेवीय २७). तो लेव्यांना, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाला द्यायचा (गणना १८), कारण त्यांना वतनाची जमीन नव्हती. त्या लेव्यांनीही मिळालेल्यातला दहावा भाग पुढे याजकांना द्यायचा.

अनुवाद १४ मात्र उपदेशात सहसा वाचला जात नाही. तिथे दहावा भाग घेऊन परमेश्वराने निवडलेल्या ठिकाणी जायचे आणि घरच्यांसह तिथे त्याच्यापुढे जेवायचे असे आहे. ठिकाण लांब असेल तर माल विकून पैसे न्यायचे, आणि तिथे मनाला येईल ते विकत घेऊन आनंद करायचा! दर तिसऱ्या वर्षी मात्र तो भाग गावातच साठवायचा. कुणासाठी? लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. धागाकर्त्याची आई विधवा आहे का ते त्यांनी लिहिलेले नाही, पण हे वचन मला तरी फार जवळचे वाटते.

नव्या करारात पौल आकडा देत नाही. "प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी मनाने किंवा देणे भाग पडते म्हणून देऊ नये, कारण संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो" (२ करिंथ ९:७). सहीची चिठ्ठी म्हणजे 'भाग पडते म्हणून' झाले, असे माझे मत.

---

मोहरीचा_दाणा

शाईपेन, मत्तय २३:२३ पण वाचा. पुदिना, शेप, जिरे यांचाही दशमांश देणाऱ्या परूश्यांना (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला) प्रभू रागावला, पण शेवटी म्हणाला की ह्या गोष्टी करायच्या होत्या आणि त्या सोडायच्या नव्हत्या. दशमांश सोडा असे तो म्हणाला नाही.

---

शाईपेन

मान्य. पण न्याय, दया आणि विश्वास यांना त्याने 'मुख्य गोष्टी' म्हटले आहे, हेही त्याच ओळीत आहे.

---

जुनी_खजिनदार

मी इंदूरची. आमच्याकडे उपासना हिंदीत, पण जुन्या मराठी घरांत अजून जेवणाआधीची प्रार्थना मराठीतच होते. ११ वर्षे मी पास्टोरेटची (एका पाळकाकडे असलेल्या मंडळीची) खजिनदार होते, म्हणून पैसा आत आल्यावर त्याचे काय होते ते सांगते. त्याशिवाय 'किती द्यावे' हे बोलणे हवेत राहते.

आमच्या मंडळीत ७० च्या आसपास कुटुंबे. सगळ्यात मोठा खर्च पाळकांचा पगार. काही डायोसिसमध्ये (बिशपच्या हाताखालच्या विभागात) पगार मध्यवर्ती खात्यातून होतो, तरी प्रत्येक पास्टोरेटने ठरलेला वाटा वर पाठवायचाच असतो, आणि तो पाठवला नाही की पत्र येते. मग विजेचे बिल, पाणी, झाडलोट आणि घंटा बघणारे काका, संडेस्कूलचा खाऊ, पाळकगृहाची डागडुजी. शंभर वर्षांपूर्वीच्या इमारती मिशनऱ्यांनी बांधून दिल्या, कौले बदलायचे पैसे काही कुणी ठेवून गेले नाही. एका पावसाळ्यात वेदीच्या उजव्या बाजूला गळायला लागले. तीन रविवार आम्ही तिथे बादली ठेवून उपासना केली. सुताराने फक्त लाकडाचा खर्च ८५,००० सांगितला आणि खात्यात २१,००० होते.

थैली मोजायला आम्ही नेहमी दोघे बसायचो, एकट्याने कधीच नाही. पौलानेसुद्धा देणगी पोचवताना सोबत दुसरे लोक घेतले, कुणी बोट ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८:२०-२१). मोजताना मला एक दिसायचे. ५०० ची नोट घडी न करता, सपाट टाकलेली असायची. दहाची नोट मात्र इतकी बारीक घडी करून टाकलेली, की उलगडायला नखे लागायची. जणू देणाऱ्याला ती लपवायची होती. अकरा वर्षांत त्या घड्या उलगडताना मी कितीदा रडले आहे. ज्यांनी त्या घातल्या त्यांना कुणीतरी सांगायला हवे होते की लपवू नका. आम्ही कधी सांगितले नाही.

विश्वामित्रीकाठ, तुम्हाला माझे सांगणे असे. चिठ्ठीवरची उत्पन्नाची ओळ कोरी ठेवा. ते विचारण्याचा हक्क कमिटीला नाही. मात्र दुसरी ओळ भरा, जो आकडा पेलेल तो लिहा. खजिनदाराला मोठ्या रकमेपेक्षा ठरलेली रक्कम जास्त उपयोगी पडते. दर महिन्याला न चुकता येणारे १,००० असतील तर त्यावर झाडलोट करणाऱ्या काकांचा पगार ठरवता येतो. नाताळात एकदम येणाऱ्या १५,००० वर ठरवता येत नाही.

आणि वार्षिक सभेत हिशेब मागा. मनापासून देणाऱ्याने विचारलेच पाहिजे.

---

हिशेबनीस_ग्वाल्हेर

खजिनदारताईंना अनुमोदन. दोन व्यवहारातल्या गोष्टी सांगतो, कारण लोक नेहमी गोंधळतात.

चर्चला दिलेल्या अर्पणावर ८०जी ची, म्हणजे देणगीवरची आयकरातली सूट साधारणपणे मिळत नाही. एका विशिष्ट धर्माच्या समाजासाठी असलेल्या संस्थेला ते कलम लागू होत नाही. मिशनचा दवाखाना किंवा शाळा स्वतंत्र धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असेल आणि तिच्याकडे ८०जी असेल, तर तिला दिलेल्या देणगीवर मिळते. तीही २,००० पेक्षा जास्त रोख दिलेली असेल तर नाही. नव्या कररचनेत असाल तर हा विषयच संपला, तिथे ८०जी नाही. तेव्हा करबचत डोळ्यापुढे ठेवून दशमांशाचा आकडा ठरवू नका.

दुसरे, गुजरातमध्ये चर्चची मालमत्ता सार्वजनिक ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर हिशेब तपासून घेऊन चॅरिटी कमिशनरकडे द्यावे लागतात. सभासदाने ऑडिट झालेला ताळेबंद दाखवा म्हटले तर त्यात उर्मटपणा काही नाही.

---

वसईची_लेक

मी कॅथलिक, लग्न होऊन बडोद्याला आले. आमच्याकडे दहावा भाग सक्तीचा नाही. चर्चच्या गरजांसाठी आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावायचा, हे चर्चच्या आज्ञांपैकी एक आहे, पण आकडा नाही. माझी नणंद जर्मनीत आहे. तिथे चर्चचा सभासद म्हणून नोंद असेल तर चर्चकर सरकारच कापून घेते, बहुतेक राज्यांत आयकराच्या ९ टक्के आणि दोन राज्यांत ८. म्हणजे पगाराच्या नाही, कराच्या. ती म्हणते पैसे जातात ते कळतही नाही. मला ते नको वाटते. माझ्या हाताने पेटीत टाकलेले मला कळले पाहिजे.

---

विश्वामित्रीकाठ

सर्वांचे आभार. शाईपेन, हो, वडील २०१४ मध्ये गेले. आई एकटीच आहे, बडोद्याला यायला तयार नाही. तिथली मंडळी, तिथली महिला सभा, तिचा बाक.

खजिनदारताई, घडी घातलेल्या नोटेचे वाचून काही वेळ पुढे वाचता आले नाही.

अजून प्रश्न तसाच आहे. आईचे धरायचे की नाही? मार्क ७ मध्ये कुर्बानाचा विषय आहे. आईबापांना द्यायचे ते देवाला अर्पण केले असे सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभू फार कडक बोलला. म्हणून मला वाटते, आईला दिलेले देवाला पोचलेच असणार.

---

पाळकांची_धाकटी

इतके दिवस फक्त वाचते आहे, आज लिहिते.

माझे वडील पाळक होते. आमच्या लहानपणी त्यांचा पगार कधी दोन महिने, कधी तीन महिने थकायचा. कापणीच्या सणाला लोक ज्वारी, भोपळे, कोंबडी आणायचे. उपासनेनंतर त्यांचा लिलाव व्हायचा आणि पैसे मंडळीच्या खात्यात जायचे. आम्ही भावंडे पाळकगृहाच्या खिडकीतून बघत असायचो की भोपळा कोण घेतो. एका वर्षी एका आजीने बोली लावून भोपळा घेतला, पैसे भरले आणि तोच भोपळा संध्याकाळी आमच्या ओट्यावर आणून ठेवला. आईने त्याचे घारगे केले. चव मला अजून आठवते.

मलाखी ३ वर उपदेश होतो तो आठव्या वचनापासून, "मनुष्य देवाला ठकवील काय?" तिथून. पाचवे वचन कुणी वाचत नाही. तिथे देव म्हणतो की मजुराची मजुरी अडकवणारे, विधवा आणि अनाथांवर जुलूम करणारे, परक्याचा न्याय बुडवणारे, यांच्याविरुद्ध मी साक्ष देईन. माझ्या वडिलांनी आयुष्यभर मलाखीवर एकदाच उपदेश केला. तो पाचव्या वचनावर होता, आणि तेव्हा कमिटीने झाडलोट करणाऱ्या बाईचे चार महिन्यांचे पैसे दिलेले नव्हते. पुढच्या रविवारी ते दिले गेले. बाबांचे स्वतःचे थकलेलेच होते, त्याबद्दल ते बोलले नाहीत.

दादा, द्या. जमेल तेवढे, पण द्या. पाळकगृहात मुले असतात.

---

मोहरीचा_दाणा

धाकटी, तुझे वाचून मी आज माझ्या बाजूच्या पाळकीणबाईंना फोन केला. इतकेच.

---

ऐझॉलहून_परतलेली

मी परिचारिका, सहा वर्षे मिझोराममध्ये होते. तिथल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत स्वयंपाक करताना तांदूळ मोजून झाले की त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकतात. दोन्ही वेळेला. ते तांदूळ गोळा करून विकतात आणि पैसे चर्चच्या कामाला जातात. १९१० पासून ही रीत चालू आहे, बायकांनी सुरू केली. त्याला बुहफाई थाम म्हणतात. मी भाड्याने राहत होते त्या घरच्या आजी मला सांगायच्या, मूठ आधी काढायची, उरले तर नाही. मूठ जिची तिचीच असते, लहान हाताची लहान आणि मोठ्या हाताची मोठी.

टक्केवारी कुणाला विचारावी लागत नाही, इतकेच मला त्यातले आवडले.

---

शाईपेन

विश्वामित्रीकाठ, कुर्बानाचे तुम्ही आठवलेत ते बरोबर आहे. १ तीमथ्य ५:८ पण आहे, जो स्वकीयांची व विशेषेकरून आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. माझ्या मते आईचे ६,००० पूर्ण धरा. उरलेले स्वेच्छेने. कुणापुढेही मान खाली घालू नका.

---

जुनी_खजिनदार

मी शाईपेन यांच्याशी इथे सहमत नाही, पण आकड्यावरून वाद घालणार नाही. फक्त एकच विचारते. आईंना हे माहीत आहे का, की त्यांचे औषध तुमच्या दशमांशात लिहिले जाणार आहे?

---

विश्वामित्रीकाठ

खजिनदारताईंचा प्रश्न वाचून आईला फोन लावला. शनिवारी रात्री, मुलगी झोपल्यावर. जसे झाले तसे लिहितो.

मी तिला चिठ्ठीचे सांगितले, मलाखीचे सांगितले, आणि विचारले, आई, तुला पाठवतो ते मी दशमांशात धरले तर चालेल का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू पाठवतोस त्यातले सहाशे मी पहिल्या रविवारी पाकिटात घालते."

मला ते माहीत नव्हते. माझ्या डोक्यात हिरव्या शाईतले २४० होते. म्हटले, आई, ते औषधाचे पैसे आहेत गं. ती म्हणाली, "औषधाला पुरतात. साखर मी कमी केली, डॉक्टरांनी तशीही सांगितलीच होती. ह्या घरात जे येतं त्यातला दहावा त्याचा, मग ते पेन्शनीतून येऊ दे नाहीतर तुझ्याकडून."

मग मी तिला तो फळा आठवतो का विचारले. आठवतो म्हणाली. वाईट नाही वाटले का? "वाटलं ना. तुझ्या वडिलांना जास्त वाटलं. पण त्या २४० मध्ये चाळीस रुपये तुझे होते रे, शाळेत बक्षीस मिळालं होतं ते तू मला ठेवायला दिलं होतंस. मी विचारलं होतं तुला, घालू का म्हणून. तू हो म्हणाला होतास." मला हे काही आठवत नाही. कितीही आठवून बघितले तरी नाही.

फोन ठेवताना ती म्हणाली, "मला धरू नकोस हिशेबात. मी तुझी आई आहे, देणगी नाही."

कुर्बानाचे वचन मी उलटे धरून बसलो होतो. त्या लोकांनी देवाचे नाव सांगून आईबापांचे बुडवले, आणि मी आईचे नाव सांगून मंडळीचे बुडवायला निघालो होतो.

आज उपासनेच्या आधी खजिनदारांना भेटलो. चिठ्ठीवर उत्पन्नाची ओळ कोरी ठेवली आहे आणि तसे त्यांना तोंडी सांगितले. ते म्हणाले, अजून दोघांनी कोरी ठेवली आहे, कमिटीत बोलतो. दुसऱ्या ओळीत २,००० लिहिले. आज तेवढेच पेलते. पाहुण्यांच्या लग्नांतले आहेर आणि माझे महिन्यातून दोनदा बाहेर खाणे यांतून ते निघतील, बायकोने वहीत मांडून दाखवले. हप्ता २०३१ मध्ये फिटेल, तेव्हा वाढवीन. झाडलोट कोण करते आणि त्यांना किती मिळतात तेही विचारले. उत्तर ऐकून बरे वाटले नाही, वार्षिक सभेत उठून बोलणार आहे. ताळेबंदही मागणार आहे.

मोहरीताई, दहावा भाग अजून झालेला नाही, हे मला माहीत आहे.

थैली आली तेव्हा मुलीने खाऊच्या पैशांतली दहाची नोट काढली आणि बारीक बारीक घडी घालायला लागली. मी तिच्या हातातून घेऊन ती सरळ केली, मांडीवर तळहाताने दाबली आणि परत तिच्या हातात दिली. तिने ती तशीच, सपाट टाकली.